विश्लेषण : राजाबाई टॉवर सर्वांना माहीत, पण त्याला लागून असलेले वाचनालय?

ओव्हल मैदानात क्रिकेट खेळणाऱ्या कुणालाही मान वर केली की राजाबाई टॉवरचे घड्याळ दिसते. सेल्फीसाठी थांबणाऱ्यांची तर रोजच गर्दी. पण ही इमारत घड्याळासाठी बांधलेली नाही. ती मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाची आहे. मनोऱ्याची कल्पना नंतर जोडली गेली.

पैसे कुठून आले?

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, मात्र सुरुवातीला त्याला स्वतःची इमारत नव्हती; कारभार टाऊन हॉलमधून चाले. १८६४ मध्ये प्रेमचंद रायचंद या कापूस आणि शेअर बाजारातल्या बड्या व्यापाऱ्याने ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले. त्याच वर्षी आणखी २ लाख दिले, ते घड्याळाच्या मनोऱ्यासाठी, आई राजाबाई यांच्या नावाने.

तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होते. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या आणि खुद्द प्रेमचंदही दिवाळखोरीत गेले. इमारत मात्र झाली. १ मार्च १८६९ रोजी पायाभरणी झाली, नोव्हेंबर १८७८ मध्ये काम संपले. खर्च आला सुमारे साडेपाच लाख रुपये. मनोऱ्याची उंची २८० फूट, म्हणजे ८५ मीटर.

आराखडा होता लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते मुंबईत कधी आलेच नाहीत आणि इमारत पूर्ण होण्याआधीच, मार्च १८७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

(राजाबाईंना दिसत नव्हते आणि जैन रीतीप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवता यावे म्हणून मुलाने टोल्यांची सोय केली, असे सांगितले जाते. गोष्ट गोड आहे. पण प्रेमचंद यांचा बंगला भायखळ्याला, चार-पाच किलोमीटरवर. तिथपर्यंत टोले ऐकू जात असतील का, हे ज्याचे त्याने ठरवावे.)

वाचनकक्षात पाहायचे काय?

चक्राकार दगडी जिन्याने वर गेले की लांबलचक वाचनकक्ष लागतो. उंच लाकडी छत, टोकदार कमानींच्या खिडक्या आणि त्यांत रंगीत काचा. ही नुसती सजावट समजू नये. हा कक्ष बांधला तेव्हा मुंबईत विजेचे दिवे नव्हते, पंखे नव्हते. वाचायचे ते खिडकीतून येणाऱ्या उजेडात. इमारतीचे तोंड पश्चिमेला आणि त्या काळी समुद्र आजच्यापेक्षा बराच जवळ. ओव्हलपलीकडच्या आर्ट डेको इमारतींची जमीन नंतर भराव घालून तयार झाली. म्हणजे दुपारनंतर थेट ऊन आणि खारा वारा. जाड भिंती उष्णता अडवतात, उंच छतामुळे गरम हवा डोक्याच्या वर राहते आणि रंगीत काच उन्हाचा झगझगाट कमी करून पानावर सौम्य उजेड पाडते. एसीच्या आधीचे हे इंजिनीअरिंग आहे, आणि चांगले आहे.

अडचण अशी की अशा खिडक्या टिकवणे जिकिरीचे. काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. शिसे मऊ, वर्षानुवर्षांच्या वजनाने आणि उष्णतेने ते वाकते, तावदाने फुगतात, सांध्यांतला भरणा झडतो. मग पावसाचे पाणी आत येते. ओल आली की कागदावर बुरशी आणि पाठोपाठ कसर. म्हणजे खिडकी दुरुस्त करणे हे पुस्तके वाचवण्याचेच काम.

दुरुस्ती कधी झाली?

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या निधीतून इमारतीचे मोठे संवर्धन झाले आणि ते २०१५ मध्ये पूर्ण झाले. वास्तुरचनाकार होत्या ब्रिंदा सोमाया. २०१८ मध्ये या कामाला युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. त्याच वर्षी ओव्हलभोवतालच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यात हीदेखील आहे.

आता पुढचा प्रश्न वापराचा. वारसा म्हणून कक्ष दोरी लावून बंद ठेवणे सोपे असते. पण शहरात स्पर्धा परीक्षांची मुले अभ्यासिकेत प्लायवूडच्या खोपट्याएवढ्या जागेसाठी महिन्याला पैसे मोजत असताना, वाचण्यासाठीच बांधलेली ही खोली निव्वळ देखाव्याची होऊ नये. तिथे टेबलावर पुस्तक उघडे दिसले पाहिजे. गर्दी, मोबाइलचे चार्जर आणि जुने लाकूड यांचा मेळ घालणे कटकटीचे आहे, अशक्य नाही.

जायचे असेल तर?

चर्चगेट स्थानकापासून चालत काही मिनिटांचे अंतर. हे पर्यटनस्थळ नाही, विद्यापीठाचे चालू ग्रंथालय आहे. बाहेरच्यांनी आधी परवानगीची चौकशी करूनच जावे. मनोऱ्यावर सर्वसामान्यांना चढू दिले जात नाही. बाहेरूनच पाहणार असाल, तर दुपारी चारनंतर ओव्हलवर उभे राहा. तेव्हा ऊन या बाजूवर पडते आणि मनोऱ्यावर कोरलेले पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे पुतळे नीट दिसतात. मोबाइलचा झूम लागेल.