अर्जातली मोकळी जागा : खिळ्यांपासून पीडीएफच्या रकान्यांपर्यंत

अर्जाची मांडणी म्हणजे मुख्यतः मोकळ्या जागेची मांडणी. छापलेला मजकूर थोडा असतो. नावाला किती लांबी द्यायची, गट नंबरला केवढी चौकट, अंगठ्याला केवढी जागा, हे आधी ठरवावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे अहिल्यानगर झाले आणि पत्त्यात जुने नाव छापलेले अर्ज दुरुस्त करणे भाग पडले. दुरुस्ती बहुधा नावापुरतीच होते. अर्ज पुन्हा मांडण्याची संधी तशीच वाया जाते, म्हणून हा मागोवा.

नगरच्या छपाईचा वारसा जुना आहे. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये येथूनच सुरू झाले. पुढे दीर्घकाळ अर्ज खिळे म्हणजे धातूची सुटी अक्षरे आणि धातूच्या पट्ट्या जुळवून छापले गेले. त्या काळात मांडणीत फारसे बदलले नाही.

बदल घडला तो साधारण १९९५ ते २००५ या दहा वर्षांत. तो संगणकावरच्या पानमांडणीने, म्हणजे डीटीपीने घडवला. पानमांडणीचे पेजमेकर हे सॉफ्टवेअर १९८५ मध्ये आले होते. १९९४ मध्ये अल्डस कंपनीसह ते अडोबीकडे गेले. मराठी टंकण्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम आणि मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी ही सॉफ्टवेअरे होती. जिल्हा सहकाराचा. साखर कारखाने, पतसंस्था, दूध संस्था यांना सभासद अर्ज, कर्जमागणी अर्ज, ऊसनोंदणीचे अर्ज, जामीनपत्रे सतत लागत. ही कामे डीटीपीवाल्यांकडे येत आणि त्यांतून एक खरे कसब तयार झाले. टॅबला टिंबांची लीडर देऊन ओळ आखायची. ‘मु.पो.’ आणि ‘ता.’ यांच्यामध्ये लांब गावनावही मावेल इतके अंतर ठेवायचे. दोन जामीनदारांचे रकाने समोरासमोर बसवायचे आणि तळाशी फाडून देण्याजोगी पोचपावती ठेवायची. बटर पेपरवर लेझर प्रिंट काढून ती प्लेटला जाई. जिल्ह्यातल्याच राळेगणसिद्धीतून ज्या माहिती अधिकारासाठी आंदोलने झाली, त्याचा राज्याचा कायदा २००२ चा आणि केंद्राचा २००५ चा. त्याच्या अर्जाच्या ‘जोडपत्र अ’ नमुन्यातही दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पची जागा राखावी लागे. मोकळ्या जागेचा इतका बारकाईने विचार करणारी ही पिढी होती. तिचे श्रेय तिला कधी मिळाले नाही.

याच दशकात संगणकावरच भरता येणारा अर्जही शक्य झाला होता. पीडीएफ १९९३ मध्ये आले आणि १९९६ मध्ये त्यात भरता येणारे रकाने आले. पेजमेकरमध्ये मांडलेल्या पानाची पीडीएफ करून अडोबीच्या अॅक्रोबॅटमध्ये त्यावर रकाने टाकता येत. मराठी मात्र दाराबाहेर राहिली. जुने फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवत. कृतिदेव या फॉन्टमध्ये दिसणारा ‘क’ फाइलमध्ये रोमन ‘डी’ म्हणून साठवला जाई. अशा रकान्यात भरलेले ‘संगमनेर’ पडद्यावर दिसे, पण शोधता येत नसे आणि दुसऱ्या फॉन्टमध्ये त्याची निरर्थक अक्षरे होत. देवनागरीचे युनिकोड १९९१ पासून होते. तरी फॉन्ट विकणाऱ्यांनी आपापल्या सांकेतिक पद्धती वर्षानुवर्षे चालू ठेवल्या आणि त्याची किंमत मराठी अर्जाने मोजली. दुसरा अडसर अडोबीचा. विशेष परवानगी जोडलेली नसेल तर मोफत रीडरमध्ये भरलेला अर्ज जतन होत नसे. ती सोय २०१२ च्या रीडर इलेव्हनमध्ये सर्व अर्जांसाठी खुली झाली.

त्याच वर्षीच्या इनडिझाइन सीएस-सिक्स या अडोबीच्या पानमांडणी सॉफ्टवेअरमध्ये रकाने मांडणीतच टाकता येऊ लागले. मजकुराची चौकट आखून तिला रकान्याचा प्रकार आणि नाव द्यायचे, टॅबचा क्रम लावायचा आणि इंटरॅक्टिव्ह पीडीएफ काढायची. तालुक्यासाठी अकोल्यापासून जामखेडपर्यंत चौदा नावांची यादी देता येते, म्हणजे लिहिण्यात चूक होत नाही. दोन रकान्यांना एकच नाव दिले, की वर भरलेले अर्जदाराचे नाव खालच्या पोचपावतीत आपोआप उमटते. रकान्याचा फॉन्ट युनिकोड हवा. जोडाक्षरे नीट उमटतात का, हे संगणकावर आणि मोबाइलवरही तपासावे लागते. रकाने टाकण्याची सोय स्क्रायबस या पानमांडणी सॉफ्टवेअरमध्ये विनामूल्य मिळते.

साधने हाती आली तोवर बहुतेक डीटीपी दुकाने फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांकडे वळली होती. ज्यांना रकाना किती लांब हवा हे ठाऊक होते, त्यांना कोणी बोलावले नाही. परिणाम समोर आहे. कार्यालयांच्या संकेतस्थळांवरचे कित्येक अर्ज छापील कागदाच्या वाकड्या स्कॅन प्रती आहेत. अर्जदार त्या छापतो, पेनाने भरतो, पुन्हा स्कॅन करतो. शेवटी तीच माहिती कर्मचारी संगणकात नव्याने टंकतो. एका अर्जासाठी तीनदा श्रम होतात.

जिल्ह्याचे नाव बदलण्यासाठी प्रत्येक अर्जाची फाइल उघडावीच लागते. पतसंस्था, कारखाने, ग्रामपंचायती आणि तहसील कार्यालयांनी त्याच वेळी मजकूर युनिकोडमध्ये आणावा, भरता येणारे रकाने टाकावेत आणि हे काम गावातल्या जुन्या डीटीपीवाल्यांकडून योग्य मोबदला देऊन करून घ्यावे.