ढगांआडच्या शुक्राचा नकाशा

पहाटे किंवा सायंकाळी क्षितिजावर झळकणारी शुक्राची चांदणी ही सूर्य-चंद्रानंतर आकाशातील सर्वांत तेजस्वी ज्योत. मात्र हे तेज शुक्राच्या भूमीचे नसून तिला झाकणाऱ्या ढगांचे आहे. गंधकाम्लाच्या सूक्ष्म थेंबांचे हे आवरण कधीच विरत नाही. त्यामुळे गॅलिलिओच्या काळापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कितीही मोठी दुर्बीण रोखली, तरी खगोलशास्त्रज्ञांच्या पदरी एक पांढुरका, निर्विकार गोळाच पडत असे. ढगांखाली महासागर आहे, दलदल आहे की वाळवंट, यावर केवळ तर्क लढवले जात. शुक्राचा दिवस किती काळाचा, हेसुद्धा कोणाला खात्रीने सांगता येत नव्हते. या भूमीची पहिली ओळख करून दिली ती पृथ्वीवरच रोवलेल्या रडारने. रेडिओलहरींना ढगांचा अडसर होत नाही.

अर्थात, ही ओळख सहजासहजी झाली नाही. रडारचा संदेश लक्ष्यापर्यंत जाताना क्षीण होतो आणि परतताना पुन्हा तितकाच क्षीण होतो. परिणामी अंतर दुप्पट झाले की प्रतिध्वनी सोळा पटींनी मंदावतो. म्हणून शुक्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ, सुमारे चार कोटी किलोमीटरवर येतो, त्या अंतर्युतीच्या काळातच हे प्रयोग करावे लागतात. आणि ही वेळ दर १९ महिन्यांनी येते. १९५८ मध्ये अमेरिकेतील लिंकन प्रयोगशाळेने शुक्राचा प्रतिध्वनी टिपल्याचा दावा केला, पण तो गोंगाटातील भास ठरला. खरे यश १० मार्च १९६१ रोजी कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथे मिळाले. २६ मीटर व्यासाच्या एका तबकडीने संदेश सोडला आणि तशाच दुसरीने तो परत आल्याचे टिपले. त्या वर्षीच्या निरीक्षणांतून पृथ्वी-सूर्य अंतराचे माप काही शे किलोमीटरपर्यंत अचूक झाले. ग्रहांकडे याने धाडण्याच्या तयारीत असलेल्यांना याहून मोलाची भेट कोणती मिळणार होती!

पुढच्याच अंतर्युतीला, १९६२ मध्ये, रिचर्ड गोल्डस्टीन आणि रोलंड कार्पेंटर यांना प्रतिध्वनीत आणखी एक गोष्ट सापडली. शुक्र स्वतःभोवती अतिशय संथपणे आणि चक्क उलट्या दिशेने फिरतो. एका फेरीला त्याला सुमारे २४३ दिवस लागतात. त्याच्या विषुववृत्तावरील भूमीचा वेग ताशी जेमतेम साडेसहा किलोमीटर आहे. भरभर चालणाऱ्या माणसाचा वेगही जवळपास इतकाच असतो.

आता प्रश्न उरतो तो नकाशाचा. दुर्बिणीप्रमाणे रडार काही चित्र काढत नाही. तबकडीच्या हाती येतो तो संपूर्ण ग्रहावरून परतलेला, एकमेकांत मिसळलेला प्रतिध्वनी. त्याची फोड दोन प्रकारे केली जाते. शुक्र गोल असल्याने आपल्याकडे सर्वांत पुढे आलेल्या बिंदूवरून लहरी आधी परततात, त्याभोवतीच्या वर्तुळावरून किंचित नंतर, आणि कडेवरून सर्वांत शेवटी. पहिल्या आणि शेवटच्या प्रतिध्वनीत फरक असतो तो सेकंदाच्या पंचविसाव्या भागाचा. या फरकाचे बारीक तुकडे पाडले की ग्रहाची एकात एक अशी वर्तुळे हाती येतात.

दुसरी फोड स्वराची. जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी चढ्या स्वरात ऐकू येते आणि दूर जाणारीची उतरत्या, तसेच येथेही घडते. फिरत्या शुक्राची एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते. शुक्र इतका संथ की २३८ कोटी हर्ट्झच्या लहरीत दोन्ही कडांमधला फरक पडतो तो काही दशक हर्ट्झचाच. पण तो मोजता येतो. त्यानुसार ग्रहाच्या उत्तर-दक्षिण पट्ट्या पाडता येतात. वर्तुळ आणि पट्टी जेथे छेदतात, ती जागा नकाशावर मांडायची.

गोम अशी की सरळ रेषा वर्तुळाला दोन ठिकाणी छेदते. उत्तरेकडील डोंगर आणि दक्षिणेकडील पठार एकाच वेळी, एकाच स्वरात उत्तर देतात. आलेला प्रतिध्वनी कोणाचा, हे कसे ठरवायचे? दोन तबकड्यांनी एकाच वेळी ऐकून हा घोळ सोडवता येतो. प्वेर्तो रिको बेटावरील अरेसिबो येथील ३०५ मीटरच्या महाकाय तबकडीने दुसरा मार्ग अवलंबला. तिचा झोत मुद्दाम शुक्राच्या एका गोलार्धाकडे सरकवला जाई, म्हणजे दुसऱ्या गोलार्धाचा आवाज दबे.

या पद्धतीने साठच्या दशकात शुक्रावर पहिल्यांदा 'ठिकाणे' दिसू लागली. गोल्डस्टीन यांनी दोन उजळ प्रदेशांना ग्रीक अक्षरांवरून अल्फा आणि बीटा म्हटले. अरेसिबो येथे १९६७ मध्ये रे जर्गेन्स यांना आढळलेल्या प्रदेशाला जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचे नाव मिळाले. तो पुढे अकरा किलोमीटर उंचीचा पर्वत असल्याचे निष्पन्न झाले. नंतर शुक्रावर केवळ स्त्रियांचीच नावे द्यावीत असा संकेत रूढ झाला. ही तीन नावे तेवढी आधीची म्हणून टिकली. त्याच संकेतामुळे आज तेथे सुमारे ३४ किलोमीटर व्यासाचे 'जोशी' नावाचे विवर आहे. ते डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या स्मरणार्थ.

अमेरिकेच्या मॅगेलन यानाने १९९० ते १९९४ या काळात शुक्राभोवती फिरून ९८ टक्के भूमीचा रडार नकाशा तयार केला. अरेसिबोच्या चित्रांत एक-दोन किलोमीटरचे तपशील दिसत. मॅगेलनच्या नकाशात शे-दोनशे मीटरचे. मग पृथ्वीवरील रडारचे काम संपले, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यातून पृथ्वीला शुक्राची एकच बाजू नीट दिसते. त्याचे पाच सौरदिवस आणि दोन अंतर्युतींमधील काळ जवळजवळ सारखाच असल्याने तो दर वेळी तोच चेहरा पुढे करतो.

परंतु यान एकदाच येते आणि संपते. पृथ्वीवरील रडार पुनःपुन्हा पाहू शकते. मॅगेलननंतर शुक्राच्या भूमीवर काही बदलले का, हे तपासण्यासाठी अरेसिबोची १९८८ ते २०२० या काळातील चित्रे हाच मोठा आधार आहे. शुक्राची गतीही अशीच वरचेवर मोजावी लागते. व्हीनस एक्स्प्रेस या युरोपीय यानाला काही खुणा मॅगेलनच्या नकाशापेक्षा २० किलोमीटरपर्यंत सरकलेल्या आढळल्या. या कोड्याचे उत्तर जाँ-लुक मार्गो आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दिले. गोल्डस्टोनहून सोडलेल्या लहरींचा प्रतिध्वनी तेथे आणि ग्रीन बँक येथील दुर्बिणीत सुमारे वीस सेकंदांच्या अंतराने उमटतो. त्या अंतरावरून त्यांनी शुक्राची फिरकी मोजली. २००६ ते २०२० या काळातील २१ मोजण्यांची सरासरी आली २४३.०२२६ दिवस, पण प्रत्येक वेळचे माप वेगळे. एकेका फेरीत सुमारे वीस मिनिटांचा फरक पडतो. शुक्राचे जडशीळ, वेगाने घोंगावणारे वातावरणच खालच्या भूमीला कधी ढकलते, कधी रोखते, असे त्याचे स्पष्टीकरण आहे.

ही निरीक्षणे संपता संपताच आघात झाला. ऑगस्ट आणि नोव्हेंबर २०२० मध्ये अरेसिबोचे दोन केबल तुटले आणि १ डिसेंबर रोजी सुमारे ९०० टनांचा मंच तबकडीवर कोसळला. शुक्राकडे दहा लाख वॅटचा झोत सोडणारे ते रडार गेले, आणि त्याच्या तोडीचे दुसरे उभे राहिलेले नाही. गोल्डस्टोनची तबकडी ७० मीटरची. शिवाय अंतराळयानांशी संपर्क राखणे हे तिचे मुख्य काम.

२०२३ मध्ये मॅगेलनची जुनी चित्रे चाळताना रॉबर्ट हेरिक आणि स्कॉट हेन्सली यांना माट मॉन्स या ज्वालामुखीचे एक मुख १९९१ मध्ये आठ महिन्यांत जवळपास दुप्पट झालेले दिसले. शुक्र आजही धगधगतो आहे, याचा हा थेट पुरावा. दुर्दैवाने हा पर्वत अंतर्युतीच्या वेळी पृथ्वीकडे पाठ करणाऱ्या बाजूस आहे. तेथे यानानेच जावे लागेल. भारताच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये १,२३६ कोटी रुपयांच्या शुक्र मोहिमेला मंजुरी दिली. तिच्या उपकरणांत रडारचा समावेश असून उड्डाणासाठी मार्च २०२८ चे लक्ष्य ठेवण्यात आले. त्या रडारचे नकाशे मॅगेलनच्या नकाशांवर बेतून पाहायचे, तर मधल्या चार दशकांत शुक्र नेमका किती फिरला हे ठाऊक असावे लागेल, आणि तो हिशेब पृथ्वीवरील तबकड्यांनीच राखलेला आहे.