देशमुखी : पद, हक्क आणि आडनाव

मागच्या वेळी आपण विलायतेतल्या जमीनदार घराण्यांच्या वंशपरंपरागत किताबांविषयी बोललो. त्यावर अकोल्याच्या एका श्रोत्यानं विचारलं, "सर, आपल्या वऱ्हाडात असं काही होतं का?" होतं. पण जातकुळी वेगळी होती, म्हणून आज त्याविषयीच बोलू.

आधी विलायतेतलं एक उदाहरण. 1611 साली पहिल्या जेम्स राजानं 'बॅरोनेट' हा किताब काढला. आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतात तीस शिपाई तीन वर्षं पोसण्याचा खर्च, म्हणजे 1,095 पौंड, ज्यानं भरायचं कबूल करावं त्याच्या नावामागे 'सर' लागणार. त्याच्यानंतर थोरल्या मुलाच्या, मग त्याच्या थोरल्या मुलाच्या. धाकटा भाऊ मात्र साधा 'मिस्टर'च राहतो. किताब अखंड असतो, त्याची वाटणी होत नाही. आणि त्यासोबत कामही काही नसतं.

आता आपली देशमुखी. हा किताबच नव्हता, हे पहिल्यांदा लक्षात घ्या. ते काम होतं. गावाला पाटील, तसा परगण्याला देशमुख. हिशेब ठेवायला गावात कुळकर्णी किंवा पटवारी, तसा परगण्यात देशपांडे. वसुलावर देखरेख ठेवायची, गावं वसवायची, तंटे ऐकायचे, गरज पडली तर माणसं घेऊन सरकारच्या मदतीला जायचं. मोबदल्यात वसुलातला ठरलेला हिस्सा म्हणजे रुसूम, इनाम जमीन, आणि तेली-चांभारापासून बाजारकऱ्यांपर्यंत ज्याच्या त्याच्याकडून लहानमोठे हक्क. या सगळ्या गाठोड्याला वतन म्हणत. राजे बदलले, बहामनी गेले, निजामशाही गेली, मुघल आले, पण वतनदार बहुधा तिथंच. नव्या राजाकडून सनद तेवढी ताजी करून घ्यायची.

आता गंमत पाहा. वतनाला वाटणी होती. चार भाऊ असले तर चार तक्षिमा. वतन गहाण पडे, विकलंही जाई. मग न वाटता येणारं काय उरलं? मान. पोळ्याला पहिली बैलजोडी कोणाची, होळीची पहिली पोळी कोणाची, सभेत विडा आधी कोणाला. रुसुमाचे चार भाग होतात, पहिल्या विड्याचे कसे करणार? म्हणून 'वडीलकी' नावाची वेगळी गोष्ट निघाली, आणि जमिनीहून जास्त डोकी त्या वडीलकीपायी फुटली. (वऱ्हाडी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही बाप्पा.)

राजालाही या लोकांची धास्ती असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त वतनदारांना राज्याचे दायाद, म्हणजे भाऊबंद, म्हटलं आहे. राज्यात ते वाटा मागतात, हा त्याचा रोख. सिंदखेडचं जाधव घराणं घ्या. लखुजी जाधवराव मोठे सरदार झाले, पण घराण्याचं मूळ सिंदखेडच्या देशमुखीत. ही जिजाऊंच्या माहेरची गोष्ट. 1629 मध्ये दौलताबादला निजामशहाच्या दरबारात लखुजी आणि त्यांचे मुलगे मारले गेले. पण सिंदखेडला घराणं टिकलं.

तलवारीनं न मोडलेली ही व्यवस्था मोडली ती कारकुनी पद्धतीनं. 1853 मध्ये निजामाच्या थकलेल्या देण्यापोटी वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे आला. पुढं मोजणी झाली, मुंबई इलाख्यासारखी रयतवारी आली, सारा थेट खातेदाराच्या नावावर बसला. आता मधे देशमुख कशाला? त्यांना तनखे बांधून दिले आणि काम काढून घेतलं. देशमुख उरले, देशमुखी गेली.

आमचा विषय तत्त्वज्ञान, म्हणून आम्हाला इथं थांबावंसं वाटतं. काम गेल्यावर त्या कामाचं नाव कशाचं नाव असतं? विलायतेत हा प्रश्न पडत नाही, तिथं किताबामागं काम मुळातच नव्हतं. असा बिनकामाचा किताब वऱ्हाडच्या नावानंही निघाला होता बरं का. 1936 च्या करारानं निजामाचं वऱ्हाडवरचं स्वामित्व कागदोपत्री मान्य झालं आणि त्याच्या थोरल्या मुलाला, आझम जाह यांना, 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हटलं जाऊ लागलं. कारभार मात्र मध्यप्रांताकडेच. अमरावतीवर या प्रिन्सनं एक दिवसही राज्य केलं नाही. पुढं बापाचा वारसाही त्यांना डावलून नातवाकडे गेला. राज्यघटनेच्या अठराव्या कलमानं राज्यानं किताब देणंच बंद केलं.

देशमुखी मात्र कोणत्याच कलमात सापडली नाही, कारण तोवर ती आडनाव झाली होती. पापळच्या पंजाबरावांच्या घराण्याचं मूळ आडनाव कदम, लोकहितवादींचं शिधये. एक वऱ्हाडातला कुणबी-मराठा, एक कोकणस्थ, आणि आडनाव एकच. म्हणून तर लग्नाच्या बैठकीत आजही विचारतात, "कोणते देशमुख?"

आमचा एक विद्यार्थी होता, बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याची सोयरीक ठरत आली होती. मुलीकडच्यांनी विचारलं, वतनाचे देशमुख की नुसते आडनावाचे? आजोबांच्या पेटीत मोडीतला एक कागद होता, घरात सगळे त्याला सनदच म्हणत. वाचता कोणालाच येत नव्हतं, आम्हालाही नाही. शेवटी जाणकाराकडे नेला. ती सनद नव्हती, दोघा भावांचं वाटणीपत्र होतं. शेत कसं वाटलं ते दोन ओळींत, आणि विड्याचा मान कोणाचा यावर सगळा उरलेला कागद. आम्ही म्हटलं, अरे, याहून चांगला पुरावा कोणता? मान होता म्हणून तर भांडले! पण समोरच्यांना राजाचा शिक्का हवा होता. ती सोयरीक मोडली. मुलगा वर्षभर कोणाशी धड बोलला नाही.

पुढं तो शिक्षक झाला, त्याचा संसारही चांगला झाला. तो कागद त्यानं लॅमिनेट करून भिंतीवर लावला. तुमच्याकडे असा कागद असेल तर तेवढं करू नका, शाई आणि कागद दोन्ही खराब होतात. कापडात गुंडाळून ठेवा, आणि आधी मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या.