पाठीचा हिशेब: किलोत, तासांत आणि किलोमीटरांत

जांभ्याचा १४ इंच लांब, ९ इंच रुंद आणि ७ इंच जाड चिरा धरला, तर त्याचे घनफळ साडेचौदा लिटरच्या आसपास भरते. जांभ्याची घनता १.८ ते २.२ धरली, की एका चिऱ्याचे वजन २६ ते ३२ किलो येते. अमेरिकेत ‘नायॉश’ ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. ओझे उचलण्याचे तिचे १९९१चे सुधारित सूत्र सांगते, की सगळे काही अनुकूल असताना मर्यादा २३ किलो. अनुकूल म्हणजे ओझे अंगालगत, हात सहज पोचतील त्या उंचीवर, कंबर न पिळता आणि अधूनमधूनच. तेच ओझे जमिनीवरून उचलायचे झाले की ०.७७५ने गुणायचे, म्हणजे उरले १७.८ किलो. ते घोट्यांपासून ४० सेंटिमीटर पुढे असेल तर आणखी ०.६२५ने गुणायचे. आता हाती राहतात ११ किलो. चिरेखाणीवर ट्रक भरणारा माणूस या हिशेबाने दर खेपेला मर्यादेच्या दुप्पट ते तिप्पट उचलतो. रापणीच्या जाळ्याचा दोर किनाऱ्यावरून ओढणाऱ्याचे तर गणितच मांडता येत नाही, कारण हे सूत्र उचलण्याचे आहे, खेचण्याचे नाही.

आणि ही कामे करायला कोकणात, उदाहरणार्थ सिंधुदुर्ग जिल्ह्यात, माणसे किती? २००१च्या जनगणनेत सिंधुदुर्गात ८,६८,८२५ लोक होते, २०११मध्ये ८,४९,६५१. दहा वर्षांत १९,१७४ची घट. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया. राज्याचा आकडा ९२९ असताना इथे १,०३६ का, हे ज्याच्या घरातला मुलगा मुंबईला आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला काम तेवढेच आणि पाठी कमी.

जगभरात २०२० साली कंबरदुखीचे ६१.९ कोटी लोक होते. २०५०पर्यंत ते ८४.३ कोटी होतील असा अंदाज आहे. यातला महत्त्वाचा आकडा मात्र वेगळाच आहे. सुमारे ९० टक्के कंबरदुखीत बोट ठेवून दाखवावा असा एकच दोष सापडत नाही. ना मोडलेले हाड, ना गाठ, ना जंतुसंसर्ग. कारण सापडत नाही तिथे उपायांची गर्दी होते. उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेणे आपल्याकडे जुनेच. मग हाडवैद्य, मग औषधांच्या दुकानातला पट्टा, आणि आता मोबाइलवर मान कडकन मोडून दाखवणारा कायरोप्रॅक्टर.

कायरोप्रॅक्टिकचा जन्म १८९५चा, अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट गावी, डी. डी. पामर यांच्या हातून. मणका हाताने झटकन सरकवून उपचार करण्याची ही पद्धत. तो ‘कड्’ आवाज हाड जागेवर बसल्याचा नव्हे. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५मध्ये बोटे मोडतानाचे एमआरआय चित्रण केले, तेव्हा सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होताना दिसली. बोटे मोडल्याने कोणाचे बोट सरळ झाल्याचे ऐकिवात नाही.

म्हणून ही पद्धत निव्वळ थोतांड ठरते का? तसेही नाही. २०१९मध्ये ‘बीएमजे’त जुनाट कंबरदुखीवरच्या ४७ चाचण्यांचा आणि ९,२११ रुग्णांचा एकत्रित आढावा आला. निष्कर्ष असा, की मणके हाताळण्याचा गुण शिफारस केलेल्या इतर उपचारांइतकाच येतो. फार अधिक नाही, फार उणा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या मार्गदर्शिकेत जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम आणि समजावून सांगणे यांच्याबरोबर अशा हाताळणीलाही जागा दिली. त्याच मार्गदर्शिकेत १४ उपाय सरसकट करू नयेत असे म्हटले आहे, आणि त्यांत कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन, म्हणजे वजने लावून ताण देणे, हे दोन्ही आहेत. आपल्याकडे घरटी एक पट्टा खुंटीला असतो, ती गोष्ट निराळी.

मग प्रश्न उरतो तो पाठीला हात कोण लावणार, याचा. याच संघटनेने २००५मध्ये कायरोप्रॅक्टिकच्या पूर्ण शिक्षणासाठी किमान ४,२०० तास ठरवले. पैकी किमान १,००० तास रुग्णांवर, पण वरिष्ठांच्या देखरेखीखाली. परदेशातली विद्यापीठे त्यासाठी शिकाऊंचे दवाखाने चालवतात. भारतात या पदवीची वैधानिक परिषद नाही. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यातल्या दहा वर्गांत फिजिओथेरपीला स्वतंत्र वर्ग आहे, कायरोप्रॅक्टिकला नाही. म्हणजे पाटी लावणाऱ्याने हे हजार तास भरले की चार दिवसांचे शिबिर केले, हे रुग्णाला तपासता येत नाही. माझा आक्षेप पद्धतीपेक्षा या कोऱ्या रकान्याला आहे.

सिंधुदुर्गात हा रकाना भरण्याच्या सर्वांत जवळची जागा कुडाळला आहे. बॅरिस्टर नाथ पै शिक्षण संस्थेचे फिजिओथेरपी महाविद्यालय तिथे आहे. राज्यात आजवर या पदवीची रचना चार वर्षे आणि वर सहा महिन्यांची आंतरवासिता अशी राहिली आहे. आठवड्याला ४० तास धरले तर २६ आठवड्यांचे १,०४० तास होतात. आंतरवासिताच त्या हजाराच्या घरात जाते; आधीच्या वर्षांतले रुग्णालयातले तास वेगळेच. शिकाऊ हाताची भीती वाटणे साहजिक आहे. पण शिकाऊकडे वेळ असतो. तो ताप येतो का, वजन घटले का, जांघेत बधिरपणा आहे का, लघवी अडते का, हे ओळीने विचारतो, कारण मागे शिक्षक उभा असतो. दोष सापडणाऱ्या उरलेल्या १० टक्क्यांतले धोक्याचे रुग्ण याच प्रश्नांतून वेगळे काढायचे असतात, आणि त्यांच्या पाठीला झटका द्यायचा नसतो.

आता किलोमीटर. समजा रुग्ण मालवणचा आहे; तिथून कुडाळ सुमारे ३० किलोमीटर. उपचाराच्या आठ भेटी धरल्या तर जाऊन-येऊन ४८०. एसटीत महिलांना मार्च २०२३पासून अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२पासून प्रवास मोफत. पूर्ण तिकीट पडते ते चाळिशीतल्या पुरुषाला, म्हणजे चिरे भरणाऱ्यालाच. शिवाय त्याचा दिवस बुडतो. रोजगार हमीचा २०२५-२६चा दर ३१२ रुपये होता; तोच कमीत कमी रोज धरला तरी आठ दिवसांचे २,४९६ रुपये होतात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर दुखणे थोडे उतरले, की माणूस येणे थांबवतो, आणि व्यायाम तिथेच सुटतो. मधल्या निम्म्या भेटी फोनवर झाल्या, किंवा शिकाऊंची तुकडी आठवड्यातून एकदा मालवणला येऊन बसली, तर त्याचे २४० किलोमीटर आणि १,२४८ रुपये वाचतात.