येशू होऊन गेला काय? पुरावा काय सांगतो?

येशू नावाचा माणूस खरोखर होऊन गेला, की ती श्रद्धेने रचलेली दंतकथा? हा प्रश्न निघाला की भाविक चिडतो, आणि स्वतःला बुद्धिवादी म्हणवणारे काहीजण पुरावा न वाचताच निकाल देऊन मोकळे होतात. निकाल आधी आणि साक्ष नंतर, हा न्याय नव्हे!

प्रथम मुद्दा निश्चित करू. मेलेला माणूस पुन्हा उठला काय, हा येथे वादविषय नाही. ते इतिहासाच्या साधनांनी सिद्ध होत नाही. प्रश्न एवढाच की, पहिल्या शतकात गालील प्रांतात असा एक ज्यू उपदेशक होता काय आणि रोमन सत्तेने त्याला क्रुसावर मारले काय?

आता साक्षीदार पाहू. चार शुभवर्तमाने साधारण इ. स. ७० ते १०० या काळातली. लिहिणारे श्रद्धावंत, म्हणजे हितसंबंधी साक्षीदार. त्यांची साक्ष फेकून द्यायची नसते, पण पारखून घ्यावी लागते. त्यांच्याही आधीची आहेत ती पौलाची पत्रे, इ. स. ५० च्या दशकातली. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो यरुशलेमेत पेत्राला आणि येशूचा भाऊ याकोब याला भेटल्याचे सांगतो. त्याच पत्रात पेत्राशी झालेले भांडणही लपवत नाही. काल्पनिक माणसाचा भाऊ प्रत्यक्ष कसा भेटेल?

ज्यू इतिहासकार योसेफस याच्या इ. स. ९३-९४ च्या ग्रंथात येशूचा दोनदा उल्लेख येतो. पहिल्यात नंतरच्या ख्रिस्ती लेखनिकांनी भर घातली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दुसरा उल्लेख इ. स. ६२ मध्ये मारल्या गेलेल्या याकोबाचा, येशूचा भाऊ म्हणून. तो बहुतेकांनी अस्सल मानला आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस तर ख्रिस्ती लोकांचा द्वेष्टा. इ. स. ११६ च्या सुमारास तोही लिहितो की, त्यांच्या संस्थापकाला पिलाताने देहदंड दिला. ही माहिती ऐकीव असू शकते. परंतु शत्रूनेही अस्तित्व नाकारलेले नाही.

खोटे दाखलेही ओळखले पाहिजेत. २००२ मध्ये एका अस्थिपेटीवरील याकोबाचा लेख गाजला. खटला चालला, २०१२ मध्ये आरोपी बनावटीच्या आरोपातून सुटले. पण आरोपी सुटला म्हणून दस्तऐवज खरा ठरत नाही!

कोणी म्हणेल, येशूच्या हयातीतली सरकारी नोंद कुठे आहे? नाही. पण पिलात सुमारे दहा वर्षे त्या प्रांताचा सुभेदार होता. त्याच्या काळातला त्याच्या नावाचा शिलालेख सापडायला १९६१ साल उजाडले. मग एका सुताराची नोंद कोण ठेवणार? राज्यकर्त्यांच्या दफ्तरात गरिबाचे नाव नाही म्हणून गरीब नव्हताच, हा युक्तिवाद निदान आपण तरी स्वीकारता कामा नये.

सर्वांत वजनदार पुरावा क्रूसच आहे. तो गुलामांचा आणि बंडखोरांचा अपमानास्पद मृत्यू होता. तारणहार नव्याने रचायचाच असता, तर अनुयायांनी त्याच्या माथी असे मरण कशाला मारले असते? आपल्या विरुद्ध जाणारी गोष्ट जो कबूल करतो, त्याचे म्हणणे सहसा खरे असते.

दिवाणी दाव्यात शक्यतांचे पारडे जिकडे झुकते, तिकडे निकाल जातो. येथे पारडे स्पष्टपणे अस्तित्वाकडे झुकते. माणूस होता, मारला गेला. तो देवाचा पुत्र होता काय, याला मात्र पुरावा नाही. ती श्रद्धा आहे. चिकित्सा करणाऱ्याने दोन्ही गोष्टी तितक्याच निर्भयपणे सांगितल्या पाहिजेत.