रस्त्याला केस!

एक खडू घे पाहू! अख्खा, लांब, नवाकोरा. शाळेतला चालेल, पण बाईंना विचारून हं!

आता तो टेबलावर उभा धर आणि वरून तळहाताने दाब. दाब, अजून दाब! काय झालं? काहीच नाही! तळहातावर पांढरा गोल उमटला, खडू मात्र जसाच्या तसा.

आता तोच खडू दोन्ही हातांच्या चिमटीत आडवा धर आणि अगदी हलकेच वाकव. कट्! दोन तुकडे! जोरसुद्धा लावावा लागला नाही.

मग सांग, खडू दणकट की नाजूक? गंमत अशी, की तो दोन्ही आहे! दाबलं तर पठ्ठ्या जागचा हलत नाही. वाकवलं की मात्र लगेच हार मानतो. कारण वाकवताना खडूची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी ताणली जाते. ताण म्हटला, की खडूची पाचावर धारण बसते!

आणि ओळख बघू, अगदी असाच स्वभाव आणखी कुणाचा आहे? तुझ्या पायाखाली असतो तो. त्याच्यावरून तुझी स्कूल बस धावते. काँक्रीटचा रस्ता!

काँक्रीट म्हणजे सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचा काला. घट्ट झालं की दगडासारखं! पण त्याची दाब सोसायची ताकद १० मानली, तर ताण सोसायची ताकद जेमतेम १ भरते. दहावा हिस्सा! भरलेला ट्रक वरून गेला, की रस्ता अगदी किंचित, डोळ्यांना दिसणारही नाही इतका वाकतो. त्याच्या पोटाची बाजू ताणली जाते. एक ट्रक, शंभर ट्रक, लाख ट्रक… आणि एक दिवस, कट्!

थांब, खरी नाजूक वेळ तर त्याच्याही आधी येते. रस्त्याच्या पहिल्याच दिवशी!

ताईने तोंडाला मुलतानी माती लावलेली पाहिली आहेस ना? ओली असते तेव्हा कशी गुळगुळीत दिसते. मग ती सुकायला लागते, आकसते, आणि ताई जराशी हसली की गालभर भेगाच भेगा! ताज्या काँक्रीटचंही तसंच होतं. कडक ऊन, वरून भणाणता वारा. वरचं पाणी भराभर उडून जातं. वरचा थर आकसू पाहतो, खालचा थर त्याला हलू देत नाही. मधल्यामधे बारीक भेगा! रस्त्यावर अजून एकही गाडी गेलेली नसते, आणि त्याला भेगा पडलेल्या असतात. केवढं वाईट!

म्हणून तर नव्या रस्त्यावर ओली गोणपाटं अंथरतात. सारखं पाणी मारत राहतात, पुष्कळदा चौदा दिवस! आणि एक गुपित सांगू? काँक्रीट ‘वाळून’ घट्ट होतच नाही. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतं! पाण्याखालीसुद्धा ते छान घट्ट होतं. त्याचं पाणी उडून गेलं, तर ते बिचारं उपाशी राहतं.

बरं, या भेगा थांबवायच्या कशा? काँक्रीटमध्ये काय मिसळायचं असेल, अंदाज कर. लोखंड? आणखी मोठे दगड? आणखी सिमेंट?

दोरा! हो हो, दोरा! प्लॅस्टिकचा, मऊ, फुंकर मारली तर उडून जाईल असा.

मलाही आधी खरं वाटलं नव्हतं. मग आमच्या गल्लीत रस्ता होत होता तेव्हा मी मुद्दाम जाऊन उभी राहिले. मिक्सरशेजारी सिमेंटच्या गोण्या रचलेल्या होत्या आणि त्यांच्या बाजूला छोट्या छोट्या पिशव्या. एका गोणीमागे एक पिशवी. गोणी ५० किलोची आणि पिशवी फक्त १२५ ग्रॅमची! कामावरच्या काकांनी एक पिशवी फाडून माझ्या तळहातावर चिमूटभर ठेवलं. पांढरं, चमकदार, सावरीच्या कापसासारखं. मी बोटांनी जरा चोळलं आणि त्या चिमटीतून केस सुटायला लागले. एकेक केस बोटाच्या पेराहूनही आखूड, जेमतेम १२ मिलिमीटर. आणि इतका बारीक, की तसे चार शेजारी शेजारी ठेवले तेव्हा कुठे आपल्या डोक्यावरच्या एका केसाएवढी जाडी व्हावी!

“आणि हे एवढंसं पुरतं?” मी विचारलं.

“मोजून बघा!” काका म्हणाले.

मग काय, घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेतली. तूही ये माझ्या बाजूला.

१ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १ मीटर उंच असा काँक्रीटचा एक ठोकळा डोळ्यांपुढे आण. तुझ्या शाळेच्या बाकाहूनही उंच. वजन सुमारे २,४०० किलो! त्यात धागे पडतात साधारण ९०० ग्रॅम. म्हणजे एक किलो साखरेहूनही कमी. आणि त्यात धागे किती असतात, माहीत आहे?

सुमारे ३२ कोटी!

मी दोनदा गुणाकार केला, चूक तर नाही ना म्हणून. नाही! ३२ कोटी! त्या ठोकळ्यातलं चमचाभर काँक्रीट घेतलं, चहाचा छोटा चमचा हं, तरी त्यात दीड हजारावर धागे निघतील. आणि ते सगळे ३२ कोटी धागे एकापुढे एक लावत गेलो तर? रांग जाईल जवळजवळ ३,९०० किलोमीटर! आपला अख्खा भारत उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटर आहे. म्हणजे काश्मीरच्या टोकापासून निघून कन्याकुमारी ओलांडून दोरा समुद्रात पडला की रे!

आणि तो पोट फिरवत चालणारा ट्रक पाहिला आहेस ना? त्यात असे सहा ठोकळे सहज मावतात. म्हणजे जवळजवळ १९० कोटी धागे. भारतात माणसं आहेत १४० कोटींच्या पुढे. एका ट्रकात अख्ख्या देशातल्या माणसांहून जास्त धागे गरगर फिरत असतात!

आता या गर्दीचं काम बघ. कबड्डीत चढाई करणारा गडी आत शिरला, की बाकीचे हात धरून साखळी करतात ना? एकट्याला तो झटकून टाकेल. साखळीतून निसटणं अवघड! काँक्रीटमध्ये बारीकशी भेग जन्माला येते आणि पुढे पळू पाहते. मिलिमीटरभर जात नाही तोच समोर एक धागा. तो भेगेच्या दोन्ही काठांना धरून ठेवतो. तिकडून वळली तर दुसरा धागा. खाली गेली तर तिसरा. आडवे, उभे, तिरपे, कसेही पसरलेले. दमते बिचारी भेग! मोठी होण्याऐवजी ती जागच्या जागी केसाएवढी राहते.

हे बारीक धागे मुख्यतः त्या पहिल्या नाजूक दिवसाचे सोबती. ट्रक सोसायला त्यांचे दांडगे थोरले भाऊ असतात. तेही प्लॅस्टिकचेच, पण ४० ते ६० मिलिमीटर लांब, खराट्याच्या काडीच्या तुकड्यांसारखे. अंगावर नागमोडी वळ्या किंवा खाचा असतात, म्हणजे काँक्रीटमध्ये पकड घट्ट बसावी. रस्ता तडकला तरी हे भाऊ तडा रुंद होऊ देत नाहीत. शेतातून मुळा उपटून बघितला आहेस का? ओढावं तसा तो थोडा थोडा, कुरकुरत बाहेर येतो. हे धागेही तसेच हळूहळू, चिवटपणे ओढले जातात. त्या ओढाताणीतच धक्क्याचा जोर संपून जातो. मला तर हे फार आवडतं! काँक्रीट मोडलं तरी सोडत नाही. लोंबकळत का होईना, धरून राहतं.

हे धागे येतात कुठून? त्या प्लॅस्टिकचं नाव जरा लांब आहे: पॉलिप्रॉपिलिन. पण तुझी त्याच्याशी रोजची ओळख आहे! लग्नातल्या त्या एकावर एक रचायच्या खुर्च्या बहुतेक त्याच्याच. डब्यांची झाकणं, पुष्कळशी प्लॅस्टिकची दोरी, खुद्द सिमेंटची विणलेली गोणीसुद्धा! इटलीत जूलिओ नाट्टा नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९५४ मध्ये या प्लॅस्टिकचे रेणू शिस्तीत, प्रार्थनेच्या रांगेसारखे जोडून दाखवले. १९६३ मध्ये त्यांना कार्ल झिगलर यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हे प्लॅस्टिक पाण्यावर तरंगतं, गंजत नाही, आणि सिमेंटच्या तिखट रसायनातही टिकून राहतं.

पण युक्ती काही नवी नाही बरं! आजीच्या गावचं जुनं मातीचं घर आठवतं? भिंतीच्या चिखलात गवत नाहीतर भुसा कालवायचे. गणपतीच्या कारखान्यात कधी डोकावलंस, तर प्लॅस्टरच्या मूर्तींच्या आत नारळाचा काथ्या लावताना दिसेल. आणि वेरूळची लेणी! तिथल्या हजार वर्षांहून जुन्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आहेत, असं संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं. तो गिलावा इतकी शतकं भिंतीला धरून आहे!

मुंबई, ठाणे, पुणे इथे राहणाऱ्या दोस्तांनी रस्त्याच्या पाट्यांवर ‘यूटीडब्ल्यूटी’ अशी अक्षरं कधी वाचली असतील. त्याचा अर्थ सोपा आहे. जुन्या डांबरी रस्त्यावर काँक्रीटचा पातळ थर चढवायचा. किती पातळ? १०० मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. तुझ्या फूटपट्टीवरचे दहा सेंटिमीटर! इतक्या पातळ थरात धागे फार उपयोगी पडतात.

आणि या रस्त्यावर चौकोन आखलेले असतात, साधारण मीटर बाय मीटर. आई बर्फी थापल्यावर ती मऊ आहे तोवर सुरीने वड्या पाडून ठेवते ना? नाहीतर वडी वेडीवाकडी मोडते. इथेही तेच! काँक्रीट आकसणार आणि तडकणार हे ठरलेलंच. मग मशीनने आधीच रेघा पाडून ठेवायच्या, म्हणजे तडा सरळ रेघेतच जाईल. शिवाय छोटा तुकडा मोडत नाही. खात्री नाही वाटत? मघाचा मोडका खडू घे. त्याचा नखाएवढा तुकडा बोटांनी वाकवून मोडून दाखव बरं!

आता तुझ्या मनात आलंच असेल, की मग खूप धागे घालावेत! दहा पिशव्या, वीस पिशव्या! नको रे बाबा. पिठलं करताना बेसन एकदम ओतलं तर काय होतं? गुठळ्या! धाग्यांच्याही तशाच गुठळ्या होतात. काँक्रीट इतकं चिकट होतं की थापीखाली पसरेना. म्हणून पिशवी थोडी थोडी झटकत, मिक्सर फिरत असतानाच टाकायची.

आणि धाग्यांना सगळंच जमतं असंही नाही. रस्त्याखालची माती नीट दाबलेली नसेल, पाणी मुरत असेल, तर ३२ कोटी धागे तरी काय करणार? पाया आधी नीट हवा. आणखी एक: मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी टाकाऊ प्लॅस्टिक वितळवून डांबरी रस्त्यात वापरायची रीत काढली. तीही छान आहे, पण ती वेगळी. आपले धागे वितळत नाहीत, ते धागेच राहतात.

एका ठिकाणी मात्र ते वितळतात, आणि वितळतात हेच बरं! बोगद्यात मोठी आग लागली, की काँक्रीटमध्ये लपलेल्या पाण्याची वाफ होते. वाट मिळाली नाही तर ती मक्याच्या लाहीसारखी फट्‌कन काँक्रीटच उडवते. पण आत धागे असले तर? सुमारे १६० ते १७० अंश सेल्सियसला ते वितळतात. त्यांच्या जागी केसाहून बारीक नळ्या उरतात, आणि त्यातून वाफेला वाट मिळते. लंडनकडून फ्रान्सच्या दिशेने जाणाऱ्या वेगवान रेल्वेच्या बोगद्यांत असे धागे मुद्दाम घातले आहेत. मरता मरता धागा बोगदा वाचवतो!

घरी करून बघायचं? शाडूची माती भिजव. तिच्या बोटभर जाड दोन पट्ट्या कर. एक नुसती ठेव. दुसरीत नारळाच्या शेंडीचे बारीक कापलेले तंतू नीट मळ. सावलीत दोन-तीन दिवस वाळू दे. मग दोन्ही पट्ट्या वाकव. पहिली कट्कन मोडेल. दुसरीला भेग पडेल, पण तिचे दोन्ही भाग तंतूंना लोंबकळत राहतील. मोजून बघ, भेगेतून किती तंतू डोकावतायत!

आमच्या गल्लीतला रस्ता आता पुरा झाला आहे. परवा शेजारची दुसरीतली छोटी काठावर उकिडवी बसून काहीतरी निरखत होती. ओल्या काँक्रीटला कधी हात लावायचा नाही, त्याने कातडी भाजते. पण हे चांगलं घट्ट झालेलं होतं. तिने मला हाक मारली, “मावशी, रस्त्याला केस आलेत!”

मी वाकून पाहिलं. खरंच! कडेला, सकाळच्या तिरप्या उन्हात, काँक्रीटमधून पांढरे इवले केस उभे होते. वरचे हे केस टायरखाली आणि उन्हात थोड्याच दिवसांत झिजून जातात. पण तेव्हा होते. तिने बोट फिरवलं, आणि ते सगळे एका बाजूला झुकून पुन्हा उभे राहिले.