नूडल्स व कोबी यांची थंड कोशिंबीर

उत्तर अमेरिकेंत जून महिना लागला म्हणजे मोकळ्या हवेंतील सहभोजनांचा हंगाम सुरू होतो. चर्चच्या मंडळीचा मेळावा असो, शाळेच्या पालकांची बैठक असो किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांचें बागेंतील जेवण असो, प्रत्येक कुटुंबानें घरून एकेक पदार्थ करून आणावयाचा व तो सर्वांनीं मिळून खावयाचा, अशी तेथील चाल आहे. या चालीस पॉटलक असें म्हणतात. अशा मेजांवर वारंवार आढळणारा एक पदार्थ म्हणजे बारीक चिरलेला कोबी, चुरलेले कोरडे नूडल्स, बदामाचे काप व तीळ यांची आंबटगोड रसांत कालविलेली थंड कोशिंबीर. तिला चूल फारशी लागत नाहीं, ती पुष्कळांस पुरते, आणि एरव्हीं कोबी दूर सारणारीं मुलेंही ती मागून घेतात. आमच्याकडे नूडल्स आतां लहान गांवच्या दुकानांतही मिळतात व मे महिन्याच्या सुटींत घरोघर पाहुण्यांची वर्दळ असते. म्हणून ही कोशिंबीर कशी करावी, आणि विशेषतः ती तशी कां करावी, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या मातापित्यांस सांगावें, असें आम्हांस वाटलें.

सॅलड हा शब्द ज्यापासून निघाला, त्या लॅटिन शब्दाचा अर्थ मीठ असा आहे. सॅलड म्हणजे मूळची मीठ लावलेली भाजी. कोबी किंवा काकडी चिरून, मीठ चोळून, सुटलेलें पाणी पिळून टाकणारी आमची कोणतीही गृहिणी लॅटिनचें एक अक्षर न शिकतां हा अर्थ जाणते! कोबी या शब्दाचेंही मूळ दूरचें आहे. पोर्तुगीज लोक या भाजीस जें नांव देत, त्यावरून तो आपल्या भाषेंत आला. नूडल्स मात्र, नांव परकें असलें तरी, आपल्या शेवयांचे जवळचे नातलग होत. गव्हाची कणीक चांगली मळून तिचे तंतु ओढावयाचे व ते वाळवून ठेवावयाचे, हें काम आमच्या आजीबाई चैत्रवैशाखाच्या उन्हांत पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत.

तथापि पुडींतील झटपट नूडल्स व शेवया यांत एक मोठा भेद आहे, आणि या कोशिंबिरीचें सारें मर्म त्या भेदांत आहे. झटपट नूडल्स जपानांत मोमोफुकु आन्दो यांनीं १९५८ सालीं, ओसाका शहराजवळील इकेदा या गांवीं, आपल्या घरामागील एका खोपटांत प्रयोग करून सिद्ध केले. त्यांची युक्ति अशी: नूडल्स आधीं वाफेवर शिजवावयाचे व मग उकळत्या तेलांत तळावयाचे. तेलाच्या उष्णतेनें तंतूंतील पाण्याची वाफ होऊन ती वेगानें बाहेर पडते व मागें असंख्य सूक्ष्म छिद्रें राहतात. पुढें गरम पाणी घातलें म्हणजे तें त्याच छिद्रांतून आंत शिरतें व दोनतीन मिनिटांत नूडल्स मऊ होतात. शेवयांत अशीं छिद्रें नसतात, म्हणून त्यांस शिजावयास अधिक वेळ लागतो. आन्दो यांच्या कंपनीनें १९७० सालीं अमेरिकेंत शाखा काढली, आणि त्यानंतर तेथील गृहिणींनीं, जपानी मनुष्याच्या स्वप्नांतही आलें नसेल अशा रीतीनें, या नूडल्सांचा कोरडाच उपयोग कोशिंबिरींत सुरू केला.

हा कोरडा उपयोग निर्धोक आहे, कारण तळलेली वडी आधींच शिजलेली असते. परंतु बाजारांत न तळतां नुसते वाळविलेले नूडल्सही मिळतात. त्यांतील कित्येक कच्चेच असतात व उकळल्यावांचून खाण्याजोगे नसतात. दोन्ही पुड्या फळीवर शेजारींशेजारीं मांडलेल्या असतात. तेव्हां पुडीवरील मजकूर वाचल्याशिवाय सामान घरीं आणूं नये.

आठदहा माणसांस पुढील प्रमाण पुरे होईल. कोबी पाऊण किलो, तळलेल्या नूडल्सांच्या दोन वड्या, पातीचे कांदे चारपांच, एक गाजर, बदाम किंवा सोललेले शेंगदाणे ५० ग्रॅम व पांढरे तीळ दोन मोठे चमचे. रसासाठीं बिनवासाचें तेल ६० मिलिलिटर, शिरका म्हणजे बाजारांतील व्हिनेगर तितकाच, साखर दोन मोठे चमचे, सोया सॉस एक मोठा चमचा, आणि मीठ चवीपुरतें. अमेरिकेंत तेल याच्या जवळजवळ दुप्पट घालतात; आम्हांस तें रुचत नाहीं, आणि तळलेल्या वडींत तेल असतेंच. शिरका नसेल तर लिंबाचा रस चालतो, किंबहुना आमच्या जिभेस तो अधिक मानवतो.

प्रथम तेल, शिरका, साखर व सोया सॉस एका बाटलींत घालून साखर विरघळेपर्यंत हालवावें व बाटली फ्रिजमध्यें ठेवावी. तेल व शिरका एकमेकांत मिसळत नाहींत, म्हणून वाढण्यापूर्वीं ती पुन्हां हालवावी लागते. नूडल्सांच्या वड्या पुडींतच दाबून बोटाच्या पेराएवढे तुकडे करावे. भुगा करूं नये. हे तुकडे, बदामाचे काप व तीळ जाड बुडाच्या कढईंत, कोरडेच, मंद आंचेवर परतावे. तीळ सर्वांच्या शेवटीं घालावे, कारण ते आधीं करपतात. रंग सोनेरी झाला कीं लगेच ताटांत पसरावे. गरम कढईंतच राहिले तर चूल विझल्यावरही भाजणें चालूच राहतें. पूर्ण निवाल्यावांचून डब्यांत भरूं नये, नाहींतर आंतल्या आंत वाफ धरून कुरकुरीतपणा जातो.

कोबी चिरण्यांत मात्र घाई नको. बाहेरचीं दोनतीन पानें काढून टाकावीं, गड्डा कापून पानें सुटीं करावीं, आणि प्रत्येक पान वाहत्या स्वच्छ पाण्याखालीं धुवावें. मिठाच्या पाण्यांत बुडविल्यानें पानांआड दडलेल्या अळ्या सुटून येतात, परंतु रोगजंतु त्यानें मरत नाहींत. ज्या गांवीं भाजीचा मळा कोणत्या पाण्यावर पिकला हें सांगतां येत नाहीं, तेथें पानें उकळत्या पाण्यांत दोन मिनिटें बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यांत टाकावीं. अर्थात्‌ तें पाणी व तो बर्फ हे दोन्ही पिण्याच्या शुद्ध पाण्याचे हवेत. कच्च्या भाजीवर चिकटून येणारीं जंतांचीं अंडीं उष्णतेनेंच मरतात. यानें कोबीचा करकरीतपणा थोडा कमी होतो. तो होऊं द्यावा. मग पानें कपड्यावर अगदीं कोरडीं करून शक्य तितकीं बारीक चिरावीं.

आतां मिसळण्याची वेळ. भेळ कालवून तासभर ठेवली तर तिचें काय होतें हें कोणत्याही विद्यार्थ्यास सांगावयास नको! येथेंही तोच न्याय लागू आहे. मीठ व साखर यांच्या योगानें कोबीच्या पेशींतील पाणी बाहेर येतें, आणि ज्या छिद्रांतून गरम पाणी शिरावयाचें, त्यांतूनच हें पाणी नूडल्सांत शिरून ते लिबलिबीत होतात. म्हणून कोबी, रस व कोरडा माल हे तीन वेगळ्या डब्यांत न्यावे व पाहुणे पानावर बसल्यावरच एकत्र करावे. कांहीं घरीं मात्र ती मुद्दाम दोन तास आधीं कालवून फ्रिजमध्यें ठेवतात; तेव्हां नूडल्स रस शोषून मऊ होतात. तीही एक चव आहे, परंतु भेळेच्या देशांतील माणसास पहिलीच पसंत पडेल असा आमचा तर्क आहे.

मुळांत ज्यांस मऊच नूडल्स हवे, त्यांनीं जपानी रीत घ्यावी. जपानांत उन्हाळ्यांत नूडल्स उकळून, थंड पाण्यांत खळखळून धुवून, काकडी व अंड्याच्या पोळीचे बारीक काप वर मांडून आंबटसर रसाबरोबर खातात. धुण्यानें तंतूंवरील चिकट पिष्ट निघून जातें व ते एकमेकांस चिकटत नाहींत. निथळल्यावर चमचाभर तेल चोळावें व कोबीबरोबर कालवावे. थंड पदार्थाची गोडी जिभेस कमी जाणवते, म्हणून रस चाखून थोडा अधिक तिखटमीठ करावा.

जांभळा कोबी मिळाल्यास विद्यार्थ्यांनीं घरींच एक प्रयोग करावा. चार पानें गरम पाण्यांत ठेवून त्यांचा जांभळा अर्क काढावा व तीन पेल्यांत वांटावा. एकांत लिंबू पिळतांच तो गुलाबी होतो. दुसऱ्यांत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतांच निळसर होतो. तिसऱ्यांत शिजलेले नूडल्स टाकून पाहावें. जर ते निळे-हिरवे झाले तर त्यांच्या पिठांत क्षार आहे असें समजावें. नूडल्सांस पिवळसर रंग व चिवटपणा यावा म्हणून असा क्षार घालण्याची रीत पूर्वेकडे जुनी आहे, आणि आमच्या पापडांत पापडखार पडतो तो याच जातीचा. मग त्याच नूडल्सांवर लिंबू पिळलें कीं निळ्याचा गुलाबी होतो.

आतां जी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगतों. शिजविलेल्या भातांत व नूडल्सांत एका जातीच्या जंतूंचीं बीजें टिकून राहतात. उकळण्यानें तीं मरत नाहींत. पदार्थ कोमट राहिला कीं तीं रुजतात, वाढतात व विष निर्माण करतात, आणि त्यांतील वांति आणणारें विष पदार्थ पुन्हां गरम केल्यानेंही नष्ट होत नाहीं. पदार्थास वास येत नाहीं, चव बदलत नाहीं. म्हणून 'चाखून पाहिलें, चांगलें आहे' हा निर्वाळा येथें निरुपयोगी आहे. ५ ते ६० अंश सेल्सिअस ही उष्णता जंतूंस मानवणारी. या मर्यादेंत अन्न दोन तासांहून अधिक ठेवूं नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा नियम अमेरिकेंत सांगतात. आमच्या नागपुरास मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो! तेव्हां उकडलेल्या नूडल्सांची कोशिंबीर लग्नघरीं किंवा स्नेहसंमेलनांत सकाळपासून मांडवांत उघडी ठेवणें म्हणजे पाहुण्यांच्या जिवाशीं खेळणें होय. परातींत बर्फ पसरून त्यांत पातेलें ठेवावें, थोडथोडी कोशिंबीर बाहेर काढावी, आणि तास उलटला कीं उरलेली निःसंकोच टाकून द्यावी. कोरड्या नूडल्सांच्या रीतींत हा धोका पुष्कळ कमी, कारण कालवेपर्यंत त्यांत पाणीच नसतें. शिरक्याच्या आंबटपणानेंही जंतूंस आळा बसतो, परंतु तो प्रत्येक तंतूच्या गाभ्यापर्यंत पोंचला असेल अशी खात्री देतां येत नाहीं.

वडीबरोबर मसाल्याची जी पुडी येते ती अमेरिकेंत बहुधा रसांतच घालतात. आम्ही ती वगळली आहे. तिच्यांत मीठ फार असतें. मोठ्या माणसानें दिवसाकाठीं पांच ग्रॅमपेक्षां कमी मीठ खावें असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. शिवाय कित्येक पुड्यांत कोंबडीचा किंवा दुसऱ्या मांसाचा अर्क असतो. पाहुण्यांत शाकाहारी मंडळी असतील तर पुडक्यावर हिरव्या ठिपक्याची खूण आहे कीं नाहीं हें पाहावें. कोणाचें व्रत आपल्या हातून नकळत मोडूं नये. शेंगदाणे, बदाम व तीळ कांहीं मुलांस इतके बाधतात कीं श्वास कोंडतो. म्हणून बोलावणें करतांनाच मुलांच्या मातांस विचारून ठेवावें व हे जिन्नस वेगळ्या वाटींत मांडावे.

कोबी न खाणाऱ्या मुलांकरितां एक युक्ति. पहिल्या दिवशीं नूडल्स व कोबी निम्मेनिम्म घ्यावे, आणि पुढें दर खेपेस कोबी थोडा वाढवावा. वडी चुरण्याचें व बाटली हालविण्याचें काम त्यांच्याकडेच सोंपवावें. स्वतः केलेला पदार्थ पानांत टाकणारें मूल विरळा. कच्च्या कोबीच्या १०० ग्रॅमांत सुमारें ३५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतें, तेव्हां हा लाभ लहान नव्हे. नुसत्या नूडल्सांनीं पोट भरतें खरें, पण त्यांत मैदा, तेल व मीठ यांपलीकडे फारसें कांहीं नसतें.

जी कोशिंबीर बाहेर न काढतां फ्रिजमध्येंच झांकून ठेवली असेल, ती दुसऱ्या दिवशीं चालते. तिच्यांतील नूडल्स तोंवर मऊ पडलेले असतात. रस निथळून ती भाजणींत मिसळावी, हिरवी मिरची व कोथिंबीर घालून थालिपीठें थापावीं व तव्यावर दोन्ही बाजूंनीं खमंग भाजावीं. वर लोण्याचा गोळा.